मऊ पाकिटाची किंमत

नाणे विकत घेताना संग्राहक धातू पाहतो, टांकसाळीची खूण शोधतो, सनाचे आकडे भिंगाखाली धरतो आणि झिजेवरून भाव ठरवतो. तेच नाणे घरी आल्यावर ज्या पाकिटात पुढची वीस-तीस वर्षे राहणार असते, ते पाकीट मात्र दुकानात जे मिळेल ते घेतले जाते. या निवडीबद्दल संग्राहकांमध्ये दोन मते आहेत. एक मत म्हणते की प्लॅस्टिकची धास्ती वाजवीपेक्षा जास्त घेतली जाते. दुसरे म्हणते की पाकीट चुकले तर नाण्याची उत्तम निवडही वाया जाते. ही दोन मते इथे काका आणि पुतणी यांच्या तोंडी घातली आहेत. काका शिवराई, कंपनी सरकारचे रुपये आणि स्वातंत्र्यानंतरची नाणी जमवणारे. पुतणी रसायनशास्त्र शिकून जुन्या वस्तूंच्या जतनाकडे वळलेली. माझे मत पुतणीच्या बाजूचे आहे. पण काकांचे आक्षेप अनुभवी माणसाचे आहेत, आणि त्यांना नीट उत्तर मिळाल्याशिवाय ते मत कुणी मान्य करू नये.

काका : तुझी काळजी मला कळते, पण पटत नाही. शिवराईचंच घे. तांब्याचं नाणं. कुणी कमरेच्या कशात बांधलं, कुणी हंड्यात भरून पुरलं, कुणी देवापुढे ठेवलं. इतके पावसाळे मातीत काढूनही ते निघतं आणि त्यावरचं ‘श्री राजा शिव’ वाचता येतं. ज्या धातूनं एवढं सोसलं, त्याला चार आण्यांचं प्लॅस्टिकचं पाकीट काय करणार? माझे अल्बम मऊ आहेत, पारदर्शक आहेत, नाणं अलगद आत जातं, दोन्ही बाजू दिसतात आणि कुणाचं बोट धातूला लागत नाही. संग्राहकाला याहून जास्त काय हवं?

पुतणी : काका, मातीतून निघालेली जी शिवराई तुमच्या हाती येते, ती वाचलेली असते. जी ओळखूही येणार नाही इतकी खाल्ली गेली, ती कुणी विकायला आणत नाही, म्हणून ती आपल्या हिशेबात येत नाही. आणि जी वाचते तिचाही मूळ पृष्ठभाग बहुतेक वेळा गेलेलाच असतो. उरतो तो धातूचा गाभा आणि वर क्षारांचा जाड थर. धातू टिकला, एवढ्यावर पुराणवस्तू संशोधकाचं काम भागेल. संग्राहक पैसे मोजतो ते त्या वरच्या, केसाहून कितीतरी पातळ पापुद्र्याचे. टांकसाळीतून निघालेल्या नाण्याची झळाळी, चांदीवर सावकाश मुरलेला रंग, अक्षरांच्या तीक्ष्ण कडा हे सगळं त्या पापुद्र्यात असतं. तेव्हा नाणं टिकेल का, हा प्रश्नच नाही. त्याचा पृष्ठभाग टिकेल का, हा प्रश्न आहे. दुसरं असं की मातीचा अनुभव शेकडो वर्षांचा आहे, मऊ प्लॅस्टिकचा नाही. पीव्हीसी, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, मऊ करण्याची युक्ती वॉल्डो सेमन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला १९२६ साली सापडली. म्हणजे मऊ पीव्हीसीत ठेवलेल्या नाण्याचा सर्वांत जुना अनुभवही आज शंभर वर्षांच्या आतबाहेरचा आहे. शिवराईच्या सहनशक्तीचा दाखला या नव्या शेजाऱ्याला लागू करता येत नाही.

काका : पण त्याच पीव्हीसीच्या नळांतून घराघरांत पाणी येतं. दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या त्याच्याच असतात. माणसाच्या रक्ताला जे चालतं, ते तांब्याच्या तुकड्याला चालू नये, हे कसं?

पुतणी : नळातलं पीव्हीसी कडक असतं, कारण पीव्हीसी मुळात कडकच आहे. त्याला मऊ करायचं तर त्यात तेलासारखं द्रव्य मिसळावं लागतं. त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात, आणि त्यात थॅलेट गटातली द्रव्यं सर्वाधिक वापरली गेली आहेत. रक्ताच्या पिशवीचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. तिच्या वजनाचा ३० ते ४० टक्के भाग असं द्रव्य असू शकतं, आणि त्यातलं थोडं रक्तात उतरतं हे वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. तिथे ते चालवून घेतात, कारण रक्त त्या पिशवीत पाच-सहा आठवडे राहतं. तुमचा रुपया वीस वर्षं राहतो. हे द्रव्य प्लॅस्टिकच्या रेणूंशी रासायनिक बंधानं जोडलेलं नसतं, नुसतं त्यांच्यामध्ये शिरून बसलेलं असतं. म्हणून ते हळूहळू बाहेर येतं. त्याचा पुरावा घराघरांत आहे. मऊ प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं ठेवलेली झेरॉक्स बाहेर काढली की अक्षरं कागदावरून सुटून फोल्डरलाच चिकटलेली असतात. फोल्डरमधून पाझरलेल्या द्रव्यानं झेरॉक्सची शाई मऊ केलेली असते. तेच द्रव्य नाण्यावर येतं तेव्हा त्याचा चिकट, ओशट पापुद्रा बसतो. त्यावर धूळ आणि ओल धरून राहते.

आणि हा झाला फक्त पहिला भाग. पीव्हीसीच्या नावातच असलेलं क्लोरीन हा दुसरा. ऊन आणि उष्णता यांनी पीव्हीसीची साखळी तुटू लागते आणि तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. हे कुणाच्या कल्पनेतलं नाही. ते होऊ नये म्हणूनच कारखाने पीव्हीसीत स्थिरकं मिसळतात. स्थिरकं संपत आली की सुटलेला वायूच पुढची मोडतोड आणखी वेगानं घडवतो. हवेतल्या ओलाव्याशी त्याची गाठ पडली की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवल्यावर जे कळकतं, तेच इथे उलट्या दिशेनं घडतं. तिथे आपण ताक फेकून देतो. इथे मात्र जे वाचवायचं ते भांडंच असतं. तांब्यावर क्लोराइडचे हिरवे क्षार धरतात, आणि त्या हिरव्या डागाखालचा धातू कायमचा खाल्ला गेलेला असतो.

काका : तांब्याचं मान्य केलं. पण माझ्या संग्रहात चांदी जास्त आहे. चांदीला आम्ल इतक्या सहज लागत नाही.

पुतणी : शुद्ध चांदीचं नाणं व्यवहारात फारसं नसतंच. १८३५ पासूनचा कंपनी सरकारचा रुपया आणि नंतरचा राणीछाप रुपया यांत चांदी सुमारे ९१.७ टक्के, बाकी भेसळ मुख्यतः तांब्याची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि तांबं ४० टक्क्यांवर गेलं. म्हणजे ‘चांदीचा रुपया’ म्हणून तुम्ही ज्याला निर्धास्त ठेवता, त्यात जवळपास चाळीस टक्के तांबं आहे. भोकाचा पैसा कांस्याचा, म्हणजे मुख्यतः तांब्याचा. स्वातंत्र्यानंतरच्या कितीतरी नाण्यांचा तांबं-निकेल मिश्रधातू तीन चतुर्थांश तांबं असलेला आहे. १९६० नंतरच्या ॲल्युमिनियमच्या तीन पैशांना, पाच पैशांना क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात. सोनं तेवढं या आम्लाला दाद देत नाही, पण चिकट थर त्यावरही बसतो आणि सोन्यातल्या तांब्याच्या भेसळीला धोका उरतोच. आपल्याकडची हवा या सगळ्याला खतपाणी घालते. कोकणात आणि गोव्यात पावसाळाभर दमटपणा ८० टक्क्यांच्या वर राहतो, शिवाय समुद्राचा खारा वारा. विदर्भात उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखालचं कपाट भट्टीसारखं तापतं. ओल आम्ल तयार करते, उष्णता त्याचा वेग वाढवते. थंड आणि कोरड्या देशात जे पाकीट तीस वर्षं निभावेल, ते रत्नागिरीत तेवढं निभावेल असं धरून चालता येत नाही.

काका : तू म्हणतेस ते पुस्तकात खरं असेल. माझ्या अल्बमात काही नाणी वीस वर्षांपासून आहेत. एकावरही हिरवं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं मानू?

हा आक्षेप या वादातला सर्वांत वजनदार आहे, कारण तो प्रत्यक्ष अनुभवाचा आहे आणि तो खराही असू शकतो. सगळे मऊ पीव्हीसी सारखे नसते. त्यात कोणते द्रव्य किती मिसळले, कोणते स्थिरक वापरले, कपाट कोणत्या भिंतीला लागून होते, अल्बम किती वेळा उन्हात उघडला गेला, यावर वेळ ठरते. काही पाकिटांनी वर्षभरातच नाणी चिकट केल्याचे संग्राहक जाणतात, काहींनी दशके काढली. पण या अनिश्चिततेचा अर्थ काय घ्यायचा, हा खरा मुद्दा आहे. धोका कधी उगवेल हे सांगता येत नसेल, तर धोका नाही असे म्हणता येत नाही. उलट ज्या पाकिटाची कृती आपल्याला माहीत नाही आणि ज्याच्या आतले स्थिरक किती उरले हे बाहेरून दिसत नाही, त्याच्या भरवशावर दुर्मीळ नाणे ठेवणे अधिक अवघड ठरते.

पुतणी : शिवाय काका, हिरवं दिसणं ही शेवटची पायरी आहे. आधीच्या पायऱ्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. नाणं दिव्याखाली तिरकं धरा आणि भिंगातून अक्षरांच्या कडेची खाच पाहा. झळाळीवर पातळ दुधी धूसरपणा, बोटाच्या ठशासारखा ओशटपणा, कडेला बारीक हिरवट ठिपके, किंवा पाकिटाच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब, यातलं काहीही दिसलं तर काम सुरू झालं आहे. त्या टप्प्यावर नाणं अजून वाचवता येतं. शुद्ध ॲसिटोन काचेच्या भांड्यात घ्यायचं, नाणं त्यात बुडवून ठेवायचं, मग ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा बुडवायचं आणि न पुसता हवेत वाळू द्यायचं. ॲसिटोन तो चिकट थर विरघळवतं. पण नेलपॉलिश काढायचा द्रव वापरायचा नाही, त्यात सुगंध आणि तेलं असतात. खिडक्या उघड्या हव्यात, जवळ दिवा, उदबत्ती, शेगडी काही नको, कारण ॲसिटोन चटकन पेट घेतं. ते ॲक्रिलिक आणि पॉलिस्टायरीनही विरघळवतं, म्हणून प्लॅस्टिकचं भांडं नको आणि कॅप्सूलसकट, म्हणजे नाण्याच्या कडक गोल डबीसकट, बुडवणं तर मुळीच नको. चिंच, रांगोळी, भांडी घासायची पूड यांना हातही लावू नका. त्यांनी नाणं चमकेल, पण टांकसाळीचा पृष्ठभाग खरवडून निघेल. आणि एकदा धातू खाल्ला गेला की कुठलंच रसायन तो परत भरून देत नाही. म्हणून ‘अजून काही झालं नाही’ हीच पाकीट बदलायची सर्वांत चांगली वेळ आहे.

काका : ठीक. समजा बदलायचं ठरवलं. बाजारात बऱ्याच पाकिटांवर ‘पीव्हीसी-फ्री’ लिहिलेलं असतं, काहींवर काहीच लिहिलेलं नसतं. दुकानदारही ते घाऊक बाजारातून आणतो; त्यालाही खरं काय ते माहीत असेलच असं नाही. मी विश्वास कशावर ठेवू?

पुतणी : नुसत्या छापील शब्दावर नको, परीक्षेवर ठेवा. पहिली परीक्षा नाकाची आणि बोटांची. नव्या रेनकोटसारखा वास, लिबलिबीत मऊपणा आणि दोन पाकिटं एकमेकांना चिकटून बसणं ही मऊ पीव्हीसीची लक्षणं. पॉलिएस्टर, ज्याला बाजारात मायलार म्हणून ओळखतात, ते कडक असतं, हाताळलं की कुरकुरतं आणि त्याला वास नसतो. दुसरी परीक्षा त्रिकोणातल्या आकड्याची, तो छापलेला असेल तर. ३ म्हणजे पीव्हीसी. १ म्हणजे पॉलिएस्टर, २ आणि ४ म्हणजे पॉलिइथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. ७ म्हणजे ‘इतर’, त्यावरून काहीच कळत नाही. तिसरी परीक्षा पाण्याची. पाकिटाचा कोपरा कापून साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात दाबून सोडायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे फसवत नाहीत. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन पाण्याहून हलके, ते वर येतात. पीव्हीसी बुडतं. पण पॉलिएस्टर, ॲक्रिलिक आणि पॉलिस्टायरीनही बुडतात. म्हणून तुकडा तरंगला तर तो पीव्हीसी नाही हे नक्की. बुडला तर निकाल बाकी आहे.

चौथी परीक्षा ज्वाळेची, बाइलस्टाइन या रसायनशास्त्रज्ञाच्या नावानं ओळखली जाणारी. तांब्याची तार ज्वाळेत लाल होईपर्यंत तापवायची, गरम असतानाच प्लॅस्टिकच्या तुकड्याला टेकवायची आणि चिकटलेला कण पुन्हा ज्वाळेत धरायचा. ज्वाळा ठळक हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. ही परीक्षा उघड्यावर, मोठ्या माणसानं, अगदी लहान तुकड्यावर आणि धूर नाकात न घेता करायची, कारण तो धूर घातक असतो. एका गठ्ठ्यातलं एक पाकीट यात गेलं तरी बाकीच्यांचा निकाल लागतो. संग्रहालयांत याहून कसोशीनं काम होतं. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली मांडलेली परीक्षा आज जगभर वापरली जाते. चांदी, शिसं आणि तांबं यांच्या छोट्या पट्ट्या तपासायच्या वस्तूबरोबर थोडं पाणी ठेवून काचेत बंद करतात आणि ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात. पट्ट्यांवर डाग पडले तर ती वस्तू मौल्यवान धातूच्या शेजारी ठेवायची नाही. या परीक्षेत वस्तू दिसते कशी, मऊ आहे का, महाग आहे का, हे कुणी विचारत नाही. बंद जागेत ती धातूला काय देते, एवढाच प्रश्न असतो. तुमच्या पाकिटालाही पहिला प्रश्न हाच विचारायचा.

काका : म्हणजे कडक पाकीट घ्यायचं. पण कडक पॉलिएस्टरच्या कडा नाण्याला ओरखडे पाडतात, हे मी स्वतः भिंगाखाली पाहिलंय. आणि प्रत्येक नाण्याला कॅप्सूल म्हटलं तर पाचशे नाण्यांच्या कॅप्सूलचा खर्च कित्येक नाण्यांच्या किमतीहून जास्त होईल. बाजारातली महाग वस्तू घ्यायला लावायचा हा मार्ग तर नाही?

पुतणी : ओरखड्यांचं तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच सुरक्षित पाकीट म्हणजे एकच पाकीट, असं मी म्हणत नाही. रसायन हा पहिला निकष, रगड हा दुसरा, किंमत तिसरा. पहिल्या निकषात जे बाद झालं, ते दुसऱ्या-तिसऱ्यासाठी विचारातच घ्यायचं नाही. त्यात जे उतरलं, त्यातून नाण्याप्रमाणे निवडायचं. पॉलिएस्टरच्या फ्लिपमध्ये, म्हणजे घडीच्या दुहेरी पाकिटात, नाणं सरकवत न्यायचं नाही. फ्लिपचं तोंड फाकवून नाणं कडेनं धरून आत ठेवायचं आणि वारंवार काढायचं नाही. पुठ्ठ्याच्या चौकटीत पॉलिएस्टरची खिडकी असलेले होल्डर स्वस्त आणि पुरेसे चांगले आहेत, पण त्यांच्या स्टेपलच्या पिना पकडीनं दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा पडतो. कोकणात त्या पिना गंजतात, तेव्हा दर पावसाळ्यानंतर एकदा पाहणं आलंच. पुठ्ठ्याची धूळ आत राहू नये म्हणून होल्डर बंद करण्याआधी झटकून घ्या. गोंदानं चिकटणारे होल्डर शक्यतो टाळा, कारण उन्हाळ्यात गोंद सरकतो.

पॉलिप्रॉपिलीनची खण असलेली पानं तुमच्या आताच्या अल्बमसारखीच दिसतात, थोडी कमी चकाकतात, एवढाच फरक. रिंगच्या अल्बममध्ये ती बसतात आणि सर्वसाधारण नाण्यांना ती उत्तम. कॅप्सूल ठेवायची ती मोजक्या नाण्यांसाठी: टांकसाळीची झळाळी टिकलेला रुपया, स्मारक नाण्याची खास घडवलेली प्रूफ प्रत, क्वचित मिळणारं साल. कॅप्सूल ॲक्रिलिकची किंवा पॉलिस्टायरीनची हवी आणि मापाची हवी. राणीछाप रुपयाचा व्यास साधारण ३० ते ३१ मिलिमीटर. सैल कॅप्सूलमध्ये नाणं खुळखुळत राहिलं तर कडेला घासतं. शिवराईचं उलट आहे. ती हातानं पाडलेली, जाडी वेगळी, आकार वेडावाकडा. गोल कॅप्सूल तिला बसत नाही. तिला पॉलिएस्टरचं फ्लिप किंवा पॉलिप्रॉपिलीनचा मोठा खण बरा. कॅप्सूलमधल्या फोमच्या कड्याबद्दलही हाच प्रश्न विचारा: तो कशाचा आहे? पॉलिइथिलीनचा असेल तर चालेल. तेव्हा पाचशे नाण्यांना पाचशे कॅप्सूल लागत नाहीत. लागतात ती काही पानं, काही फ्लिप आणि दहा-वीस कॅप्सूल.

काका : मग प्लॅस्टिक हवंच कशाला? कागदी पाकिटात ठेवली, वर लिहून ठेवलं, काम झालं. नाहीतर परीक्षण करून घेऊन सीलबंद डबीत. परदेशात तर तीच पद्धत आहे.

पुतणी : कागदाचा पर्याय मी खोडणार नाही. अभ्यासाच्या मोठ्या संग्रहाला, जिथे शेकडो शिवराई टांकसाळीप्रमाणे लावायच्या आहेत, तिथे आम्ल आणि गंधक नसलेल्या कागदाचं पाकीट चांगलंच. वरती नोंद लिहिता येते. पण साधा कागद आम्लधारी असतो, आणि पाकिटातलं नाणं पाहायचं तर दर वेळी बाहेर काढावं लागतं. जितके हात, तितके ठसे आणि तितकी झीज. ज्याला संग्रह रोज पाहायचा आहे, घरी येणाऱ्यांना दाखवायचा आहे, त्याला पारदर्शक पाकीट लागणारच. फक्त ते योग्य प्लॅस्टिकचं असावं. परीक्षण केलेल्या सीलबंद डब्यांची पद्धत अमेरिकेत पीसीजीएस या नाणी परीक्षण संस्थेनं १९८६ साली आणि तशाच एनजीसीनं १९८७ साली सुरू केली. त्या डब्यांचं प्लॅस्टिक कडक आणि निष्क्रिय असतं, आणि नाणं खरं आहे याची त्यामुळे हमी मिळते. महागड्या नाण्याला ते रास्त आहे. पण त्या डब्या हवाबंद नसतात, आणि त्यांच्यामुळे कपाटातली हवा सुधारत नाही.

ते सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण चांगलं पाकीट घेतलं की जबाबदारी संपली असं वाटू लागतं. बहुतेक सर्व प्लॅस्टिकमधून वायू थोडा थोडा आरपार जातोच. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी. म्हणून अल्बमच्या गठ्ठ्याला रबरबँड लावू नका, त्यात गंधक असतं. लोकरीच्या कपड्यांचा कप्पा नको. नव्या प्लायवूडचं कपाट नको, त्यातून आम्लाच्या वाफा येतात. डांबरगोळ्या नाण्यांच्या कप्प्यात ठेवू नका. त्यांची वाफ पाकिटांवर आणि धातूवर जमते. स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओल्या झाल्या की तापवून पुन्हा वापरा. मातीतून निघालेल्या शिवराईला तर याची गरज सर्वांत जास्त. तिच्या आत मातीतलं क्लोराइड आधीच शिरलेलं असतं. हवा दमट झाली की ते जागं होतं आणि नाण्यावर फिकट हिरवी भुकटी सुटू लागते. त्यात पुन्हा आम्ल तयार होतं आणि चक्र चालू राहतं. अशा नाण्याला पीव्हीसीच्या पाकिटात ठेवणं म्हणजे आतल्या क्लोराइडला बाहेरून आणखी क्लोराइड पुरवणं.

काका : तुझं म्हणणं आता मला कुठवर मान्य आहे ते सांगतो. पाकिटाचा पहिला निकष रसायनाचा, हे मान्य. वीस वर्षांचा अनुभव म्हणजे पुढच्या वीस वर्षांची हमी नव्हे, हेही मान्य. पण सगळा संग्रह एका दिवसात बदलणं कुणालाच जमणार नाही, आणि जमत नाही म्हणून लोक काहीच करत नाहीत. त्यांना पहिली पायरी सांग.

पुतणी : क्रम सोपा आहे. आधी सर्वांत जुने आणि सर्वांत मऊ अल्बम, कारण त्यांची स्थिरकं सर्वांत आधी संपतात. त्यातही आधी तांबं आणि कांस्य, मग १९४० नंतरची कमी चांदीची नाणी, मग तांबं-निकेल आणि ॲल्युमिनियम, मग जुनी चांदी, शेवटी सोनं. प्रत्येक नाणं बाहेर काढताना भिंगानं पाहा. चिकटपणा दिसला तरच ॲसिटोन, नाहीतर नुसती जागा बदलायची. नवं पाकीट घेताना एक तुकडा पाण्याच्या परीक्षेला, शंका असेल तर ज्वाळेच्या परीक्षेला. रिकामे झालेले जुने अल्बम दुसऱ्या कुणाला देऊ नका.

काकांनी उपस्थित केलेला खर्चाचा प्रश्न या क्रमाने सुटतो, पण त्यांचा आणखी एक मुद्दा नोंदवण्यासारखा आहे: नाणी पाहण्यासाठी आणि दाखवण्यासाठी जमवली जातात, तिजोरीत दडपण्यासाठी नव्हे. तो आनंद गमावून केलेले जतन संग्राहकाला पटणार नाही आणि पटूही नये. पण या वादात कुठेही तसा सौदा करावा लागलेला नाही. पॉलिप्रॉपिलीनचे पान मऊ पीव्हीसीच्या पानाइतकेच उलटता येते. फरक एवढाच की ते नाण्याला आपल्याकडचे काही देत नाही. शिवराईवरची झीज बाजारात फिरलेल्या हातांनी केली, राणीछाप रुपयावरच्या सराफाच्या खुणा परखाईच्या वेळी पडल्या. त्या नाण्याच्या इतिहासाचा भाग आहेत आणि अभ्यासक त्या वाचतात. पाकिटाने पाडलेला हिरवा डाग कुठल्याही काळाबद्दल काही सांगत नाही. तो संग्राहकाने जुन्या पुराव्यावर घातलेला घाव असतो. आपल्या हाती आलेले नाणे बहुधा आपल्यापेक्षा वयाने मोठे आहे आणि आपल्यानंतरही कुणाकडे तरी जाणार आहे. मधल्या काळात त्याला इजा न करणे हे संग्राहकाचे पहिले कर्तव्य आहे, आणि योग्य पाकीट निवडणे हा ते पाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.